डेडस्टॉक ते दिवाणखाना : नागपुरातल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या छंदाची पार्श्वभूमी

नागपुरात जुना कॉम्प्युटर हाती आला की जाणकार माणूस आधी मॉडेल नंबर पाहत नाही. तो कॅबिनेट कुशीवर करून बाजूचा पत्रा पाहतो. तिथं पांढऱ्या नाहीतर पिवळ्या ऑइलपेंटनं, जरा थरथरत्या हातानं लिहिलेला मजकूर असतो : कॉलेजची किंवा खात्याची आद्याक्षरं, खाली डी.एस.आर. नंबर, पान क्रमांक, साल. हा डेडस्टॉकचा, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीचा नंबर. सरकारी मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवहीतला. नवखा माणूस तो डाग समजून थिनरनं पुसायला बघतो. मुरलेला पुसत नाही, कारण यंत्र कुठून निघालं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

या छंदाचा इथला इतिहास त्या नंबराभोवतीच फिरतो. इंग्लंड-अमेरिकेत जुने कॉम्प्युटर घरांतून निघाले. लहानपणी बापानं घेऊन दिलेलं यंत्र चाळिशीत पुन्हा हवंसं वाटलं आणि बाजार उभा राहिला. आपल्याकडे त्या पिढीच्या घरात कॉम्प्युटर नव्हताच. तो लॅबमध्ये होता, बँकेत होता, कोळसा कंपनीच्या हेडऑफिसात होता. त्यामुळे तो बाहेर पडला निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून वस्तू रद्द करण्याच्या वाटेनं, आणि कोणाच्या हाती लागायचा हे ठरवलं लिलावानं आणि किलोच्या भावानं.

घरात तो का नव्हता, याची कारणं दिल्लीत सापडतात. फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा, १९७३ चा. विदेशी कंपनीनं इथल्या कारभारातला आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावा, ही त्यातली मुख्य अट. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी ती अट रेटून धरली आणि १९७८ मध्ये आयबीएमनं भारतातून गाशा गुंडाळला. (आयबीएम गेली म्हटल्यावर नागपूरकर गोंधळायचा. त्याच्या लेखी आयबीएम म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, आणि ते तर जागेवरच होतं.) मोकळ्या झालेल्या मैदानात हैदराबादची सरकारी ईसीआयएल आधीपासून होती. १९७६ मध्ये एचसीएल निघाली, डीसीएम, विप्रो वगैरे मंडळीही मैदानात होती. पण आयातीवर जबर कर, परवान्यांची भानगड आणि किमती अशा की मोठ्या संस्थेशिवाय कोणी नाव काढू नये. इंग्लंडात १९८२ मध्ये सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम आणि अमेरिकेत त्याच वर्षी कमोडोर ६४ दुकानात मिळत होते, टीव्हीला जोडून पोरं त्यावर खेळत होती. इथं ते फार तर कोणाच्या परदेशस्थ मामाच्या बॅगेतून आले असतील. आज विदर्भात कोणी कमोडोर विकायला काढला तर तो बहुधा असाच आलेला असतो, आणि त्यासोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही असला तर समजावं, अमेरिकेचा माल.

चित्र बदललं १९८४ च्या नोव्हेंबरात, राजीव गांधी सरकारच्या नव्या कॉम्प्युटर धोरणानं. आयात सैल झाली, सुटे भाग स्वस्त झाले, देशी पीसीचं पेव फुटलं. एचसीएलचा बिझीबी त्याच काळातला. शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प निघाला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रो निवडला गेला. मूळ यंत्र १९८१ च्या डिसेंबरचं, एकॉर्न कंपनीचं. भारतात ते मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं परवान्याखाली काढलं. स्पेक्ट्रम प्लसचाही देशी अवतार १९८६ मध्ये डीबी स्पेक्ट्रम या नावानं आला. संग्राहकांना आज या दोन यंत्रांचं भारी वेड, कारण परदेशातल्या संग्रहांत ती सहसा नसतात. त्या मोहालीच्या कारखान्याला १९८९ मध्ये मोठी आग लागली, म्हणून तिथल्या कोणत्याही जुन्या वस्तूला आपसूक एक वजन येतं. माझं मत विचाराल तर एखाद्या चकचकीत इंग्लिश बीबीसी मायक्रोपेक्षा मोहालीचा, दोन कळा तुटलेला, शाळेचा शिक्का मारलेला नग कधीही बरा.

नागपूरपुरतं सांगायचं तर खरा साठा शाळांत नव्हता, इंजिनिअरिंग कॉलेजांत होता. विश्वेश्वरय्या रिजनल कॉलेज, म्हणजे जुन्या लोकांचं व्हीआरसीई आणि आताचं व्हीएनआयटी, १९६० पासूनचं. परम महासंगणकाचे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, ते इथूनच १९६५ मध्ये इंजिनिअर झाले. पण संख्येचा स्फोट झाला तो १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी वायसीसीई, रामदेवबाबा अशी कॉलेजं नागपुरात उभी राहिली. कॉलेज म्हटलं की लॅब आली, लॅब म्हटली की खरेदी आली. ८०८५ प्रोसेसर शिकवणाऱ्या ट्रेनर किट, अंबर रंगाचे मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तिकडे बँकांत रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी यंत्रं शिरली. पर्यावरण संशोधनातली नीरी, कोळशाची वेस्टर्न कोलफिल्ड्स, खाण ब्युरो हे सगळे इथलेच मोठे ग्राहक. पुण्या-मुंबईच्या मानानं नागपूरला कॉम्प्युटर कमी आले असं कोणाला वाटेल. पण सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांची दाटी इथं भरपूर, आणि सरकारी वस्तू लवकर फेकली जात नाही. ती आधी बंद पडते, मग कोपऱ्यात जाते, मग कपाटावर चढते आणि वर्षानुवर्षं तपासणीच्या वेळी 'आहे' अशी टिक खात राहते. खासगी कंपनीनं केव्हाच विकून टाकलेलं यंत्र इथं वाचलं ते या टिकमुळे.

नव्वदच्या दशकात सीताबर्डीत असेंबल्ड पीसीची दुकानं झाली, नेटवर्किंग आणि सायबर कॅफे आले, तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे. या गोष्टीसाठी महत्त्वाचं एवढंच की २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झालं, एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटर साक्षरतेची परीक्षा सुरू झाली, सरकारी नोकरीला ती लागू लागली, आणि गल्लोगल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटांनीही कॉम्प्युटर मांडले. विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारी यंत्रं या अभ्यासक्रमाला निरुपयोगी. कॉलेजांचेही अभ्यासक्रम बदलले. दहा-पंधरा वर्षांचा साठा थोड्या काळात निर्लेखित झाला आणि त्याला घ्यायला कबाड्याशिवाय कोणी नव्हतं.

कबाड्याचं गणित समजल्याशिवाय या छंदाचं गणित समजत नाही. त्याच्या दृष्टीनं कॉम्प्युटर ही एक वस्तू नसतेच. मॉनिटर फोडायचा, मागच्या नळीवरचं तांब्याचं वेटोळं काढायचं, काच टाकून द्यायची. पत्रा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, वायर वेगळी. मदरबोर्ड पोत्यात भरून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला, जिथं बोर्डातून सोनं-तांबं काढण्याचा धंदा चालतो. सिरॅमिकचे जुने प्रोसेसर आधी उपटले जातात. त्यांत सोनं जास्त. १९९५ चा पेंटियम प्रो तर त्यासाठीच ओळखला जातो. म्हणून इतवारीकडच्या गोदामांत कॅबिनेट दिसलं तरी मॉनिटर दिसत नाही, आणि मॉनिटर दिसला तर बोर्ड गेलेला असतो. संवाद साधारण असा होतो :

"याचा मॉनिटर कुठं आहे?"

"फोडला ना भाऊ. तांबं काढलं, काच फेकली."

"आणि हा डब्बा चालतो का?"

"चालते का नाही ते मले नका विचारू. किलोनं न्यायचा असंन तर न्या."

हे वाक्य ज्यांनी ऐकलं तेच इथले पहिले संग्राहक. बहुतेक हार्डवेअर दुरुस्ती करणारे. त्यांना यंत्र नको असायचं, सुटा भाग हवा असायचा. एखादं पडद्याचं हरक्युलिस कार्ड, एखादा सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. कारण बर्डी-महालातल्या छपाईवाल्यांकडे जुनी यंत्रं अजून कामाला होती. त्या काळच्या मराठी फॉन्टच्या अनेक पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं हार्डवेअर लॉक लागायचं. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नाही, म्हणजे लॉक निरुपयोगी, म्हणजे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि मतदारयाद्या उघडायच्या तर विंडोज ९८ जिवंत ठेवणं भाग. आवडीच्या आधी गरज होती ती अशी.

आवड आली बाहेरून. अमेरिकेत १९९७ मध्ये पहिला व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल भरला. ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट १९९५ मध्ये सुरू झाली होती, त्यामुळे जुन्या यंत्राला जाहीर भाव मिळू लागला. १९७६ चा अॅपल-१, ज्याचे जेमतेम २०० नग बनले आणि जो तेव्हा ६६६.६६ डॉलरला विकला गेला, त्यातला एक २०१४ च्या लिलावात हेन्री फोर्ड संग्रहालयानं ९,०५,००० डॉलरला घेतला. ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांतही आली आणि माझ्या मते तिनं इथल्या बाजाराचं नुकसानच केलं. ज्याच्या घरी एखादा झेनिथ कंपनीचा ४८६ पीसी पडलेला, त्याला आपण लखपती झालो असं वाटू लागलं. कोणी किती मागतो आणि प्रत्यक्षात कितीला विकलं जातं यात फरक असतो, हे त्याला समजावण्यात आजही अर्धा सौदा खर्ची पडतो.

भारतात हा व्यवहार बाझी या देशी लिलाव साइटवर सुरू झाला. २००४ मध्ये ईबेनं बाझी विकत घेतलं आणि पुढची बरीच वर्षं ईबे इंडिया हाच एकमेव बाजार होता जिथं नागपूरचा माणूस आपल्याकडचा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड कोईमतूरच्या माणसाला विकू शके. (आतली चेरीची खटखटणारी बटणं, म्हणून त्याला मागणी.) २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झालं. त्यानंतरचे सौदे ओएलएक्स, फेसबुक आणि व्हॉट्सअॅपवर विखुरले. तोटा असा झाला की झालेल्या सौद्याची किंमत आता कुठेच दिसत नाही. जुना भाव माहीत असलेला माणूस हीच दरसूची. परदेशातून मागवायचं तर वापरलेल्या कॉम्प्युटरच्या आयातीला सरकारी परवानगी लागते, त्यामुळे बहुतेक लोक त्या वाटेला जात नाहीत. रोखीपेक्षा अदलाबदल जास्त चालते, आणि विकणाऱ्यांपेक्षा 'सध्या नाही द्यायचा' म्हणणारे जास्त.

सगळ्यांना हवी असलेली आणि कोणी न सोडणारी वस्तू म्हणजे जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेनं पुढे नेलं. पीसीच्या आत हे कार्ड बसवलं की साध्या डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. परदेशी संग्राहकाला त्याचं काही नाही. मराठी माणसाला मात्र काळ्या पडद्यावर ती चौकोनी, जाडसर अक्षरं पाहिली की काय होतं ते सांगता येत नाही. कार्ड मिळतं, पण त्याची फ्लॉपी मिळत नाही. मिळाली तर बुरशी लागलेली असते.

बुरशीवरून हवेकडे यावंच लागतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घराघरात कूलर लागतो. गरम हवेनं मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियमची बॅटरी लवकर फुटते, तिचं आम्ल नव्हे, अल्कली बाहेर येऊन तांब्याच्या रेषा खाते. म्हणून २८६-३८६ प्रोसेसरचा पीसी घरी आणला की चालू करायच्या आधी कटरनं बॅटरी काढायची, हिरवा थर व्हिनेगरनं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचा. कूलरच्या ओल्या हवेनं पत्रा गंजतो तो वेगळाच. पहिल्यांदा वीज देताना इथले मेकॅनिक सिरीज बोर्ड वापरतात, म्हणजे मध्ये शंभरचा बल्ब. आत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि यंत्र वाचतं. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधला रिफा कंपनीचा कपॅसिटर मात्र बल्बलाही जुमानत नाही, तो धूर सोडतोच. आधी बदललेला बरा.

एका बाबतीत मात्र हीच हवा वरदान आहे. जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतं. आग लागू नये म्हणून त्यात घातलेल्या ब्रोमीनच्या रसायनांवर त्याचं खापर फोडतात. २००८ पासून त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरणांचा उपाय रूढ झाला. युरोपातले लोक त्यासाठी खास दिवे घेतात. इथं सलूनवाल्याकडची डेव्हलपर क्रीम लावायची, क्लिंग फिल्म गुंडाळायची आणि नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत गच्चीवर ठेवायचं. फक्त सकाळी अकराच्या आत उचलायचं. त्यानंतरच्या उन्हात क्रीम वाळते आणि पांढऱ्यावर ढगासारखे डाग उमटतात, ते मग जात नाहीत. काही वर्षांनी पिवळेपणा परततोही, पण तोवर एक-दोन उन्हाळे मिळालेले असतात.

आता माल आटत चालला आहे आणि त्याचं कारण चांगलंच आहे. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू झाले, २०१६ आणि २०२२ मध्ये नवे आले. कॉलेजं, बँका, कार्यालयं यांनी जुनी यंत्रं अधिकृत पुनर्वापरकर्त्यालाच द्यायची. काच फोडून फेकण्याला त्यानं आळा बसावा हे बरोबरच. पण अधिकृत यंत्रणेत माल टनांत मोजला जातो, लिलाव ऑनलाइन होतो, आणि ज्याला एकच बिझीबी हवा त्याला सगळा लॉट घ्यावा लागतो. पूर्वी भांडारपालाशी ओळख काढून, दुसरं भंगार बदली देऊन एखादा नग वाचवता यायचा. नियमात त्याला जागा नाही. संस्थेनं निर्लेखनाच्या वेळी एखादं यंत्र आपल्याच संग्रहालयासाठी बाजूला काढायचं ठरवलं तर कोणी अडवत नाही, पण त्यासाठी प्रस्ताव कोणीतरी लिहायला हवा.

सध्या कॉलेजांतून निघतो आहे तो पेंटियम फोरचा माल. त्यातले बरेच बोर्ड २००० च्या दशकात जगभर गाजलेल्या सदोष कपॅसिटरांचे, वरून फुगलेले. चाळिशीतले संग्राहक त्याला जुनं मानायला तयार नाहीत. विशीतली पोरं मात्र त्यावर विंडोज एक्सपी टाकून लॅन गेम खेळतात आणि सोबतचे काचेचे मॉनिटर आवर्जून शोधतात. कबाड्यानं मॉनिटर फोडायच्या आधी फोन करावा म्हणून त्याच्याकडे नंबर देऊन ठेवणारी आता हीच पोरं.