लॉन वर-खाली का होतं? माळव्याच्या काळ्या मातीचं गणित

इंदुरात लॉन वर-खाली झाल्याची तक्रार केली की सल्ला ठरलेला असतो: ‘मे महिन्यात ट्रॉलीभर काळी माती टाका, पाऊस पडला की रोलर फिरवा, एकसारखं होईल.’ लोकमान्य नगरपासून सुदामा नगरपर्यंत कुठल्याही माळ्याला विचारा. माती पडते, रोलर फिरतो, आणि पुढच्या वर्षी तेच उंचवटे, तीच डबकी पुन्हा दिसतात. मग दोष माळ्याला जातो. खरं कारण असं की हा सल्ला जमिनीला स्थिर धरून चालतो, आणि माळव्याची जमीन स्थिर नाही.

माळव्याचं पठार सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचं, म्हणजे बेसाल्टचं आहे. याच बेसाल्टवर कोकणात धो-धो पाऊस पडतो, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सिलिका सगळं धुऊन जातं आणि मागे जांभा उरतो. माळव्यात वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढं पाणी खडक कुजवायला पुरतं, पण त्यातली मूलद्रव्यं वाहून न्यायला पुरत नाही. अशा अर्धवट धुतल्या गेलेल्या मातीत मोंटमोरिलोनाइट नावाचं खनिज तयार होतं. सगळी करामत त्याची आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

या खनिजाचा एक थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. सिलिकाचे दोन पापुद्रे आणि मध्ये ॲल्युमिनाचा एक, अशी त्याची रचना. असे असंख्य थर पत्त्यांच्या गड्डीसारखे एकमेकांवर बसलेले असतात. आता गंमत पाहा. स्फटिक तयार होताना मधल्या पापुद्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम जाऊन बसतं. ॲल्युमिनियमच्या आयनावर (म्हणजे प्रभार असलेल्या अणूवर) धन प्रभार 3, मॅग्नेशियमच्या आयनावर 2. प्रत्येक अदलाबदलीत एक धन प्रभार कमी पडतो, आणि अख्खा थर ऋण प्रभारित होतो. ही तूट भरायला दोन थरांच्या फटीत कॅल्शियम किंवा सोडियमचे आयन येऊन राहतात. हे आयन पाण्याचे लोभी. पाऊस पडला की पाण्याचे रेणू फटीत शिरतात, आयनांभोवती कोंडाळं करतात आणि थर एकमेकांपासून लांब सरकतात. जांभ्यातल्या केओलिनाइट या खनिजात थर हायड्रोजन बंधांनी घट्ट जोडलेले असतात, फटीत पाण्याला वाटच नसते. म्हणून कोकणातलं अंगण असं फुगत नाही.

फटीत कोणता आयन आहे यावर पुढचं सगळं ठरतं. कॅल्शियमवर प्रभार 2, त्यामुळे तो दोन्ही बाजूंच्या थरांना धरून ठेवतो. एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर कोरडेपणीच्या सुमारे 1 नॅनोमीटरवरून 1.9 च्या आसपास जातं आणि तिथेच थांबतं. सोडियमवर प्रभार 1, पकड कच्ची. गोड्या पाण्यात तिथे थर सुटे होऊन पाण्यात तरंगू लागतात आणि मातीतली बारीक छिद्रं बुजवतात. शुद्ध मोंटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममध्ये सगळ्या थरांचा मिळून पृष्ठभाग 700 ते 800 चौरस मीटर भरतो. हजार चौरस फुटांचे सात-आठ प्लॉट एका चिमटीत, आणि प्रत्येक इंचावर पाणी चिकटायला तयार!

तुमच्या मातीचा फुगवटा मोजताही येतो. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली माती दोन मोजपात्रांत प्रत्येकी 10 ग्रॅम घ्या. एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात केरोसीन ओता आणि 24 तास ठेवा. केरोसीनच्या रेणूंना या आयनांचं आकर्षण नसतं, त्यामुळे तिथे माती फुगत नाही. दोन्हींतल्या मातीच्या उंचीतला फरक हाच फुगवटा. बांधकामाच्या प्रयोगशाळांतली भारतीय मानकाची चाचणी याच तत्त्वावर चालते.

आता लॉनकडे या. उन्हाळ्यात हीच माती आक्रसते आणि भेगा पडतात, काही एक मीटरपर्यंत खोल. वरची मोकळी माती त्या भेगांत घसरते, आणि मे महिन्यात टाकलेली ट्रॉलीसुद्धा तिथेच जाते. पावसाळ्यात खालची माती फुगू लागते, पण तिची जागा आता भरलेली असते. मग ती बाजूला आणि वर रेटा देते, तिरक्या पृष्ठांवर घसरत उंचवटा तयार करते. म्हणजे दरवर्षीची भर खड्डे बुजवण्याबरोबर पुढच्या उंचवट्यांनाही खतपाणी घालते. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवणं तर आणखी वाईट: हवेची मोठी छिद्रं दबतात आणि पाणी वरच साचतं. फुगलेली चिकणमाती तासाला जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर पाणी पिते. इंदूरची एक जोरदार सर त्याच्या कितीतरी पट असते.

घराच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली की वास्तुदोष सांगणारे लगेच भेटतात. ती भेग मेमध्ये रुंदावते आणि ऑगस्टमध्ये मिटते का ते पाहा. तसं असेल तर दोष घराच्या पायाखालच्या ओलाव्यात आहे, वास्तुशांत करून तो जाणार नाही. ईशान्येला उतार हवा म्हणून नैसर्गिक उतार उलटवून पावसाचं पाणी घराकडे वळवणं, हे तर पैसे देऊन भेगा विकत घेणं आहे.

माझं म्हणणं एवढंच की आधी ओलावा सारखा करा, मग माती. सुरुवात गच्चीपासून. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 2300 लिटर पाणी होतं, आणि बहुतेक घरांत ते एका पाइपातून भिंतीच्या बुडाशी सोडलेलं असतं. तिथली माती फुगते, चार फुटांवरची कोरडी राहते. हा पाइप लांब न्या. घराभोवतीच्या पहिल्या 10 फुटांत बाहेरच्या बाजूला 6 इंच उतार द्या. मिस्त्रीकडच्या पाण्याच्या पारदर्शक नळीनं तो अर्ध्या तासात मोजता येतो. पुढे गवताची उथळ, रुंद पन्हळ काढून पाणी रस्त्याच्या नालीपर्यंत न्या. शोषखड्डा करायचा तर काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत आणि घरापासून दूर. नुसत्या काळ्या मातीतला शोषखड्डा पावसाळाभर हौदच असतो. कंपाउंडजवळच्या मोठ्या झाडाखाली जमीन खचत असेल तर मुळं पाणी ओढताहेत. तिथे उन्हाळ्यात पाणी थोडं जास्त द्या.

जिप्समच्या पिशव्या सध्या ‘जमीन मोकळी करणारं औषध’ म्हणून विकल्या जातात. जिप्सम फटीतला सोडियम हटवून कॅल्शियम बसवतो. तुमच्या मातीत आधीच कॅल्शियम असेल तर तो काय हटवणार? मातीचं सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्यात हलकेच सोडा. ते सुटं होऊन पडलं आणि पाणी निवळ राहिलं तर जिप्समची गरज नाही. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरून तसाच राहिला तर सोडियम आहे. बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवला असेल, तर तो मिठाने धुतल्यावर निघणारं खारं पाणी लॉनवर मुळीच सोडू नका. चांगल्या मातीचा गारा करायला तेवढं पुरतं.

या मातीला खरा उपयोग कंपोस्टचा. त्यातला ह्यूमस, म्हणजे पुरता कुजलेला सेंद्रिय अंश, चिकणमातीचे कण बांधून दाणेदार करतो आणि दाण्यांमधून पाणी उतरतं. कंपोस्टची जगभर गेलेली ‘इंदूर पद्धत’ याच शहरातली, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी 1931 मध्ये पुस्तकरूपानं मांडलेली. पाण्याची व्यवस्था झाली की पावसाळ्यात, हरळी जोमात असताना, भेगा मिटलेल्या असताना काम करा. दोन इंचांहून मोठा उंचवटा किंवा खड्डा असेल तर गवताची पोळी कापून उचला, खालची माती काढा किंवा भरा आणि पोळी परत बसवा. बाकी भागावर चाळलेलं कंपोस्ट आणि माती एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा कमी पसरा, पात्यांची टोकं वर दिसायला हवीत. महिन्याभरात गवत त्यातून वर आलं की दुसरा थर द्या.