इश्के (आयरिश शब्द)

इश्के म्हणजे पाणी. आयरिश भाषेतला रोजच्या वापरातला शब्द, स्पेलिंग यू-आय-एस-सी-ई असं, पण उच्चारात सुरुवातीचा यू ऐकू येत नाही आणि शेवटचा स्वर अगदी पुसट असतो. उर्दूतल्या इश्कशी काही संबंध नाही, तो अरबीतून आलेला.

नातं आहे ते आपल्या उदकशी. मूळ इंडो-युरोपियन (संस्कृत, इंग्रजी, आयरिश या सगळ्यांची पूर्वज भाषा) धातू 'वेद' (ओलं, पाणी), त्यातूनच संस्कृत उदन् आणि उदक, इंग्रजी वॉटर, रशियन वदा, आणि त्याच धातूच्या 'उद्' रूपाला 'स्क'वाला प्रत्यय लागून आयरिश शब्द झाला असं बहुतेक अभ्यासक धरतात. म्हणजे 'दानावर उदक सोडलं' म्हणतो तेव्हा आपण या शब्दाच्या सख्ख्या चुलतभावालाच हाक मारत असतो!

वाद आहे तो नद्यांच्या नावांचा. ब्रिटनमधल्या एक्स, अस्क, एस्क या नद्या, रोमन काळात यातल्या पहिल्या दोघींचं नाव इस्का (एक्सेटर आणि कार्लिऑन या गावांनाही रोमन लोक इस्काच म्हणायचे), तर हे इस्का म्हणजे इश्केच असं जुन्या पुस्तकांत बिनधास्त दिलेलं असतं. ऐकायला पटतं पण ध्वनीचं गणित बसत नाही, कारण आयरिश शब्दात मुळात 'उ' होता आणि इ-सारखा उच्चार नंतर आला, इस्कामध्ये मात्र रोमन काळातच 'इ' दिसतो. म्हणून 'माशांनी भरलेली नदी' ही दुसरी व्युत्पत्ती (आयरिशमध्ये मासा म्हणजे इअस्क) जास्त सुरक्षित वाटते, तरी शंभर टक्के निकाल लागलाय असं नाही.

व्याकरण सोपं आहे. पुल्लिंगी नाम, चौथा गण, एकवचनात षष्ठीलाही रूप बदलत नाही, म्हणून ग्लासभर पाणी म्हणजे नुसतं 'ग्लिने इश्के'. अनेकवचन इश्की. गंमत शब्दाच्या पुढच्या टोकाला आहे: 'अन' हे उपपद लागलं की मध्ये त् येतो, अन तिश्के. 'त्याचं पाणी' अ इश्के, 'तिचं पाणी' अ हिश्के, 'आमचं पाणी' आर निश्के. 'त्याचं' आणि 'तिचं' यांना सर्वनाम एकच, फरक फक्त त्या ह्-चा, त्यामुळे तो कानाने नीट पकडावा लागतो.

जगाला माहीत झालं ते 'इश्के बॅहा', म्हणजे गाळलेली दारू, शब्दशः जीवनाचं पाणी, लॅटिन ॲक्वा व्हिटेचं थेट भाषांतर. बॅहा हा आपल्या जीव, जीवितचा नातलग. मूळच्या एकाच ध्वनीचा संस्कृतात ज किंवा ग होतो आणि आयरिशमध्ये ब: जीव–ब्यो, जनि (बाई)–ब्यॅन, गो–बो. आणि आपल्याकडे तर 'जीवन'चा एक अर्थच पाणी! ऊर्ध्वपातन (दारू गाळण्याची कला) आयर्लंडमध्ये सहाव्या शतकात भिक्षूंनी आणलं ही गोष्ट फार सांगतात, पण लेखी आधार साधारण 14व्या शतकापासूनचा धरणं बरं. 1405 च्या इतिवृत्तांत रिचर्ड मॅगरॅनेल नावाचा सरदार नाताळात हे पाणी जास्त पिऊन मेला आणि त्याच्यासाठी ते मरणाचं पाणी ठरलं अशी नोंद आहे, म्हणजे शब्दावरचा श्लेष तेव्हाही लोकांना सुचत होता. पुढे इंग्रजीत उस्कबा आणि त्याचंच तोंडात झिजून व्हिस्की.

डब्लिनच्या फिनिक्स पार्कचा त्या पक्ष्याशी संबंध नाही, ते मूळ 'फ्युन इश्के', नितळ पाणी, इंग्रजांच्या कानाने फिनिक्स झालं असं मानतात. आयरिश नाव आजही नितळ पाण्याचंच आहे. आयरिशमध्ये 'जमिनीखालचं पाणी' हा वाक्प्रचार कटकारस्थानासाठी वापरतात. देशाच्या पाणीपुरवठा कंपनीचं नाव 2023 पासून इंग्रजीतही इश्के एरन असंच चालतं.