‘ती पिवळी गोळी द्या’ म्हणण्याआधी

सकाळी शटर वर गेलं की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर सर्वांत आधी ऐकू येतं ते हे : “भाऊ, गुडघा भलता दुखी राहिना, ती पिवळी गोळी दे ना.” आता पिवळी म्हणजे कोणती? बाजारात दुखण्याच्या पिवळ्या गोळ्या ढिगानं आहेत आणि प्रत्येकीच्या पोटात वेगळं औषध असू शकतं. मागणाऱ्याला ते माहीत नसतं आणि नुसत्या रंगावरून आम्हालाही कळत नाही. म्हणून हा कागद तुमच्या पिशवीत टाकतो आहोत. घरी वाचा, चष्मा नसेल तर नातवाकडून वाचून घ्या.

एका आजींची पिशवी

पोळ्याच्या सुमारास एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. जेवण जात नव्हतं, पोटात आग पडायची आणि दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. त्यांना हवी होती पित्ताची गोळी. आम्ही म्हटलं, आजी, आधी काय काय घेता ते दाखवा. त्यांनी रबर लावलेली पिशवी काउंटरवर उलटी केली.

गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी निघाली : डायक्लोफिनॅक आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल. कंबरेसाठी गावातल्या डॉक्टरांची दुसरी : ॲसिक्लोफिनॅक आणि पुन्हा ३२५ पॅरासिटॅमॉल. दोन्ही सकाळ-संध्याकाळ चालू. अंगात कणकण म्हणून साडेसहाशेची पॅरासिटॅमॉल दिवसातून तीनदा. सर्दीची गोळी दोनदा, तिच्यातही ५०० पॅरासिटॅमॉल. नातवानं तिथंच मोबाइलवर बेरीज केली. दिवसाला ४२५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४००० च्या वर जायचं नाही आणि आजींसारख्या किरकोळ अंगाच्या माणसाची मर्यादा तर त्याहूनही खाली. यकृत अशक्त असेल किंवा रोजची दारू असेल, तरी तेच.

पण खरा घात पॅरासिटॅमॉलनं केलेला नव्हता. डायक्लोफिनॅक आणि ॲसिक्लोफिनॅक ही एकाच घरातली भावंडं. दोन्ही एकदम घेतली तर दुखणं दुप्पट थांबत नाही, पोट मात्र दुप्पट सोलून निघतं. काळी शौच म्हणजे पोटात रक्त गेलेलं. पित्ताची गोळी न देता आम्ही त्यांना त्याच पावली दवाखान्यात पाठवलं.

यात आमचीही एक चूक होती. आम्ही दिलेला साडेसहाशेचा पत्ता चार गोळ्यांपुरता कात्रीनं कापलेला होता. नाव एका तुकड्यावर राहिलं, गोळ्या दुसऱ्यावर गेल्या. आजींना कसं कळणार? तेव्हापासून आम्ही सुट्या गोळ्या पाकिटात घालून त्यावर औषधाचं नाव, ताकद आणि मुदत हातानं लिहून देतो. लिहिलं नसेल तर हक्कानं मागा.

पत्त्यावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. खाली बारीक अक्षरात असतं ते औषध. ओळखायचं ते बारीक अक्षर.

दोन जातीच्या गोळ्या

एक पॅरासिटॅमॉल. ताप उतरवते, साधं दुखणं कमी करते, सूज फारशी उतरवत नाही. पोटाला आणि किडनीला सोसते, पण प्रमाणाबाहेर गेली तर यकृत जाळते. आणि यात एक फसवणूक आहे : जास्त गोळ्या पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, माणूस बरा दिसतो आणि दोन-तीन दिवसांनी यकृत बसतं. म्हणून कोणी चुकून किंवा रागाच्या भरात जास्त गोळ्या घेतल्या असतील, तर ‘बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका. लगेच दवाखाना.

दुसरी जात सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची : आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रॉक्सेन, निमेसुलाइड. (निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या.) दुखणं आणि सूज आणणारं शरीरातलं रसायन या गोळ्या रोखतात. अडचण अशी, की त्याच कुळातली रसायनं पोटाच्या अस्तराची राखण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गोळी शत्रू आणि राखणदार दोघांनाही एकाच दावणीला बांधते. ‘इंजेक्शन घेतलं म्हणजे पोटाला त्रास नाही’ हाही गैरसमज. औषध कुठूनही गेलं तरी रक्तातून पोटापर्यंत पोचतंच. जेवून घेतल्यानं जळजळ कमी होते, धोका संपत नाही.

किडनीचं पटत नसेल तर गिधाडं आठवा. डायक्लोफिनॅक टोचलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि किडन्या निकामी होऊन गिधाडं थव्यानं मेली. म्हणून जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणूस काही गिधाड नाही, त्याला एवढ्याशानं काही होत नाही. पण किडनीशी या औषधाचं वाकडं आहे, हे खरं.

ऊन, पाणी आणि वणीची वाट

हा भाग आपल्या मुलखासाठी मुद्दाम लिहिला आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडं पारा ४५ च्या घरात जातो. चैत्रात खान्देशातून किती तरी माणसं सप्तशृंगीला पायी निघतात. निघण्याआधी आमच्याकडून दुखण्याच्या गोळ्यांचा अख्खा पत्ता नेतात आणि पाय बोलायला लागले की पाण्याच्या घोटाबरोबर एक, संध्याकाळी एक.

घाम गेला, पाणी कमी पडलं, की किडनी त्याच राखणदार रसायनाच्या जोरावर तग धरते. नेमक्या त्या वेळी गोळी तो जोर काढून घेते. बीपीची टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी गोळी आणि जोडीला लघवी सुटायची गोळी चालू असेल, तर तिन्ही मिळून किडनी एकदम बसू शकते. म्हणून पायी वारीत, केळीच्या बागेत दिवसभर घड वाहताना, किंवा जुलाब-उलट्या लागल्या असताना दुसऱ्या जातीची गोळी नको. पॅरासिटॅमॉल, पाणी, सावली. लघवी कमी आणि गडद होत असेल तर चालणं थांबवा. देवी वाट बघेल.

पावसाळ्यात तापाबरोबर अंग ठणकत असेल तरी डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. तिथंही पॅरासिटॅमॉलच.

दमा, आधी होऊन गेलेला अल्सर, हृदयविकार, किडनीचा आजार, रक्त पातळ करायची गोळी, पोटात बाळ : यांतलं काहीही असेल तर गोळी मागण्याआधी तेवढं सांगा. रांगेत चार जण असले तरी सांगा. लाज वाटत असेल तर बाजूला बोलवा.

पुडीतली जादू

“तिकडच्या पुडीनं एका दिवसात फरक पडला.” कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या तीन-चार गोळ्या किंवा सांधेदुखीची जडीबुटी म्हणून विकलेली भुकटी इतक्या झटपट लागू पडली, तर तिच्यात स्टिरॉइड असण्याची दाट शंका घ्या. योग्य आजारात, योग्य मापात स्टिरॉइड मोठं औषध आहे. न सांगता महिनोन्महिने पोटात गेलं, तर तोंड सुजून गोल होतं, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात. त्यातून पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. म्हणून बंद करायलाही डॉक्टर हवा. पुडी फेकू नका, त्यांना दाखवा.

आणि ट्रॅमाडॉल. चिठ्ठीशिवाय दिली नाही म्हणून काही जण आमच्यावर रुसतात. ही गोळी अफूच्या वळणाची, तिची सवय लागते. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. ओळख कितीही जुनी असो, चिठ्ठी लागेलच.

तीन महिने झाले, अजून दुखतंय

नव्या दुखण्याला कारण असतं : मुरगळ, मार, सूज. तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेलं दुखणं मात्र निराळं वागू लागतं. ज्या कुत्र्यानं एकदा चोर पाहिला, ते पुढं पानाच्या सळसळीवरही भुंकतं, तशा नसा जाग्या राहतात. जखम भरलेली असते, भुंकणं चालू असतं. दुखणं खोटं नाही, मनाचे खेळही नाहीत. पण अशा दुखण्याला गोळी वाढवत नेली तर गोळीचे तोटे वाढतात, फायदा तिथंच राहतो. डोकेदुखीचं तर उलटंच होतं : महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस साध्या दुखण्याच्या गोळ्या घेत राहिलं, तर गोळीच डोकेदुखी आणते.

मग करायचं काय? कापूस वेचणाऱ्या बायका आम्हाला हेच विचारतात. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळं थांबणं परवडत नाही. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी अंधार पडेपर्यंत वेचायचं आणि पुढचे दोन दिवस खाटेवर. हा झोका मोडायचा आहे. ओटी काठोकाठ भरू देऊ नका, अर्ध्यावर रिकामी करा. प्रत्येक ओळीच्या टोकाला उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि हळूच मागं वाका, पाच वेळा. बरं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त नाही आणि दुखलं तरी अगदी बंद नाही. कंबरदुखीला खाटेवर पडून राहणं हा उपाय बहुतेक वेळा नुकसानच करतो.

गुडघ्याची झीज असेल तर मांडीचा स्नायू घट्ट करणं हा सर्वांत स्वस्त उपाय. खुर्चीत बसा, एक पाय समोर सरळ करा, दहा अंक मोजा, खाली ठेवा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिला आठवडा कुरकुर होईल, फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. वजन चार-पाच किलो उतरलं तर गुडघ्याला लगेच जाणवतं. शौचाला उकिडवं बसणं टाळता आलं तर टाळा.

गुडघ्यासाठी गोळीआधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून पाहा. रक्तात फार थोडं उतरतं. लावल्यावर शेक मात्र नको, वरून घट्ट पट्टीही नको. तेल लावून रुईचं पान गरम करून बांधतात, त्याच्या उबेनं बरं वाटतं, त्याला आमची ना नाही. फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बिब्बा मात्र नकोच. बिब्ब्यानं कातडी भाजून आलेली माणसं आम्ही दर वर्षी पाहतो, गुडघा दुखायचा तो दुखतोच.

शुगरवाल्यांच्या तळपायाची रात्री आग होते, मुंग्या येतात, ते नसांचं दुखणं. त्याला वरच्या दोन्ही जातीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, औषधं वेगळी असतात आणि डॉक्टर ती हळूहळू वाढवतात. त्यांनी झोप येते, म्हणून पहिले काही दिवस मोटारसायकल नको.

आमच्याकडे येऊ नका, थेट दवाखाना

छातीत दाबल्यासारखं, डावा हात किंवा जबडा दुखतोय, घाम फुटलाय. इथं गोळी मागण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी-शौचाचा ताबा सुटला, तरी त्याच दिवशी. ताप, कारण नसताना घटणारं वजन, किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आठवड्याच्या आत तपासून घ्या.

बाकी कशासाठीही या. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, पंख्याखाली खुर्ची ठेवलेली आहे. घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, मलमं, जुन्या चिठ्ठ्यांसकट एका पिशवीत भरून आणा. आम्ही काउंटरवर उलटी करून जुळवून देऊ. याचे पैसे नाहीत. कदाचित जाताना तुम्ही दोन पत्ते कमी घेऊन जाल, तेही चालेल.