आयर्लंडच्या ग्रामजीवनातील जुने ट्रॅक्टर

आयर्लंडच्या खेड्यांत १९४० ते १९७० च्या दशकांतील ट्रॅक्टर नांगरणीतून निवृत्त झाल्यावरही रोजच्या किरकोळ कामांसाठी राबवण्याचा प्रघात. पशुखाद्याची पोती आणणे, वाळलेले पीट (दलदलीतून कापून काढलेली जळाऊ माती) जळणासाठी घरी वाहून नेणे, लांबच्या कुरणातील मेंढ्यांना चारा पोचवणे ही त्यांची नेहमीची कामे. फर्ग्युसन टीई-२०, मॅसी फर्ग्युसन ३५ व १३५ ही त्यांतील परिचित मॉडेले.

हेन्री फोर्डच्या कॉर्क येथील कारखान्यातून पहिला फोर्डसन ट्रॅक्टर १९१९ मध्ये बाहेर पडला. मात्र त्या पिढीच्या ट्रॅक्टरांची लोखंडी दातेरी चाके रस्त्यावर चालवण्याजोगी नव्हती. बाजाराच्या वाटेवर ट्रॅक्टर आला तो हवेच्या टायरांमुळे आणि त्याहूनही अधिक थ्री पॉइंट लिंकेजमुळे, म्हणजे अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन दांड्यांनी जोडण्याच्या रचनेमुळे.

या लिंकेजच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. पेटंटे काउंटी डाउनमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याच्या नावावर असून हायड्रोलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) नियंत्रणाचे महत्त्वाचे पेटंट १९२६ चे आहे. त्याच्या चाहत्यांनी त्याला एकमेव संशोधक मानले. इतर काहींच्या मते प्रत्यक्ष यंत्ररचना बेलफास्टच्या कर्मशाळेतील त्याचा सहकारी विली सँड्झ याची होती. कल्पना व चिकाटी फर्ग्युसनची आणि ती लोखंडात उतरवण्यात सँड्झचा वाटा मोठा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सँड्झचे नाव मागे पडले, हा त्याच्यावर अन्यायच होय. रचना अशी : खालचे दोन दांडे अवजार ओढतात, तर वरचा तिसरा दांडा नांगरावरील विरोधामुळे दाबला जातो. नांगर खोल रुतला की हा दाब वाढतो, झडप सरकते आणि हायड्रोलिक लिफ्ट अवजार किंचित उचलते. नांगर खडकाला अडकल्यास ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोकाही या रचनेने कमी झाला. महाराष्ट्रात आज रोटाव्हेटर वा पेरणीयंत्र ज्या लिंकेजला जोडतात, ती याच परंपरेतील आहे.

टीई-२० चे उत्पादन १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्री येथे झाले. संख्या ५ लाखांहून अधिक. सुमारे एक टन वजनाचा हा राखाडी ट्रॅक्टर अरुंद बोळांतून सहज वळतो. गिअरचा दांडा ‘एस’ या खुणेकडे सरकवला की इंजिन सुरू होते; साहजिकच गिअर टाकलेला असताना ते सुरू होऊ शकत नाही.

किरकोळ वाहतुकीचे मुख्य साधन म्हणजे लिंकेजवर बसणारी, मागून उघडी पेटी. लिफ्ट खाली करताच तिचा तळ जमिनीला टेकतो. दुधाचा जड कॅन किंवा नवजात वासरू फारसे न उचलता आत सरकवता येते. मग एक दांडा ओढला की पेटी वर आणि ट्रॅक्टर रस्त्यावर. एकट्या, वयस्क शेतकऱ्याला याहून सोयीचे साधन क्वचितच मिळाले असेल.

गाढवाच्या वा घोड्याच्या गाडीची जागा ट्रॅक्टरने साधारणतः १९५० च्या दशकापासून घेतली असावी. पश्चिमेकडील लहान शेतांवर हा बदल उशिरा झाला. देशातील पहिली सहकारी क्रीमरी (शेतकऱ्यांचे दूध घेऊन लोणी बनवणारे केंद्र) १८८९ मध्ये लिमरिक काउंटीत निघाली होती. क्रीमरीला दूध घालण्याची सकाळची फेरी हेच पुढे ट्रॅक्टरचे ठरलेले काम बनले. तिथल्या रांगेत बातम्या कळत, सौदे ठरत. शीतटाक्या बसून टँकर थेट गोठ्यापर्यंत येऊ लागल्यावर ही फेरी संपली, पण ट्रॅक्टर टिकून राहिला. साधी यंत्ररचना, घरच्या घरी होणारी दुरुस्ती व सहज मिळणारे सुटे भाग ही त्याची कारणे.

आयर्लंड प्रजासत्ताकात १६ व्या वर्षापासून ट्रॅक्टरचा परवाना मिळू शकतो. ३० वर्षांहून जुन्या वाहनांना सवलतीचा, वर्षाला ५६ युरो, मोटार कर आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. जुन्या ट्रॅक्टरांना मुळात केबिन नसे. उलटल्यास चालकाला संरक्षण राहत नाही. मडगार्डवर मुलांना बसवून नेण्याची जुनी सवय तर जीवघेणी असून, आयर्लंडमधील शेतीवरच्या प्राणघातक अपघातांत ट्रॅक्टर व तत्सम वाहनांचा वाटा मोठा आहे.