चिखलातलं शिसं कुणाचं?

ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात पोकळ नळी दाबून वर काढली आणि उभी चिरली, की आधी नाकात शिरतो नासक्या अंड्यांचा वास. वरचा थर तपकिरी, बऱ्याचदा काही मिलिमीटरच जाडीचा. त्याखाली राखाडी आणि मग काळाकुट्ट गाळ. शिसं, जस्त, तांबं, पारा, कॅडमियम यांचा मुक्काम इथेच असतो.

ते इथवर येतात चिकणमातीच्या पाठीवर बसून. नदीतल्या या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना लोटत तरंगत राहतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते भेटले की भार झाकला जातो, कणांचे पुंजके होतात आणि धातूंसकट तळाला बसतात. कॅडमियमची तऱ्हा वेगळी. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड दिसलं की ते कणाचा हात सोडून पुन्हा पाण्यात उतरतं.

‘गाळात अमुक इतकं शिसं सापडलं’ ही बातमी वाचून लगेच घाबरू नये, आणि निर्धास्तही होऊ नये. धातू खडकांत मुळातच असतात, शिवाय कण जितका बारीक तितके ते जास्त चिकटतात. त्यामुळे स्वच्छ खाडीतला चिखलसुद्धा प्रदूषित किनाऱ्यावरच्या वाळूपेक्षा ‘वाईट’ दिसू शकतो. यावर उपाय म्हणून गाळ चाळून ६३ मायक्रॉनखालचेच कण तपासतात, किंवा धातूचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढतात. चिकणमातीत ॲल्युमिनियम भरपूर असतं आणि माणसाच्या उद्योगांनी ते सहसा फारसं हलत नाही. हा हिशोब न मांडलेला अहवाल मी तरी बाजूला ठेवतो.

थर कोणत्या काळातला, हेही शिसंच सांगतं! निसर्गात तयार होणाऱ्या शिसं-२१० या किरणोत्सारी प्रकाराचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षं. त्यावरून शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाता येतं. अर्थात बिळं करणाऱ्या किड्यांनी थर घुसळले नसतील तर.

काळ्या थरात ऑक्सिजन नसतो. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू सल्फाइड बनवतात (तो वास त्याचाच) आणि बरेच धातू त्यात जखडले जातात. पण वादळाने किंवा बंदर खोल करताना गाळ ढवळला की ऑक्सिजन पोचतो आणि ही पकड सुटते. पाऱ्याच्या बाबतीत तर हेच जिवाणू उलटतात. ते त्याचं मिथाइल पारा या जास्त विषारी संयुगात रूपांतर करतात आणि तो माशांच्या साखळीत साठत जातो.

जपानच्या मिनामाता उपसागरात मिथाइल पारा थेट कारखान्याच्या सांडपाण्यातूनच आला. तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मध्ये. गाळाचं काम मात्र १९७७ ते १९९० चाललं. सुमारे १५ लाख घनमीटर गाळाचा बंदोबस्त करायचा होता. काही गाळ उपसला, पण सर्वांत दूषित भाग न हलवता भिंतीआड कोंडून वर स्वच्छ माती टाकली. त्यातून ५८ हेक्टर जमीन तयार झाली. आज तिथे उद्यान आहे. पारा खालीच आहे.