दहा गुंठ्यांचा कोळसा आणि न विरणारं विष

इटलीच्या विचेंझा प्रांतात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. १९६५ मध्ये मार्झोत्तो या कापड उद्योगसमूहाने तिथे रिमार हे संशोधन केंद्र काढलं. कापडावर पाणी आणि तेल ठरू नये म्हणून लागणारी फ्लोरिनयुक्त रसायनं तिथे बनू लागली. पुढे मित्सुबिशी आणि एनी या दोन कंपन्यांच्या नावांचे तुकडे जोडून त्या कारखान्याला मितेनी म्हणू लागले. २०१३ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून त्या परिसरातल्या पाण्यात पीफास, म्हणजे अशाच फ्लोरिनयुक्त, सहज न विरणाऱ्या रसायनांचा गट, असल्याचं पुढे आलं. विचेंझा, वेरोना आणि पादोव्हा या तीन प्रांतांतल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याशी हे दूषित भूजल जोडलेलं होतं. २०१८ मध्ये कारखान्याने दिवाळं काढलं. जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने कारखान्याशी संबंधित कंपन्यांच्या ११ अधिकाऱ्यांना कारावासाची शिक्षा सुनावली.

त्याच कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली. या वसाहतीचं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं. त्यामुळे पाण्यातून पीफास काढायचं कसं, हा प्रश्न आता कोकणाचाही आहे. त्याचं आजवरचं सगळ्यात रुळलेलं उत्तर कोळसा हेच आहे आणि नॅनोकार्बनचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या-पापुद्र्यांचं, संशोधन त्याच उत्तरातून वाढलेलं आहे.

पीफासचं बळ कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातल्या बंधात आहे. कार्बनच्या एकेरी बंधांत याच्याइतका मजबूत बंध दुसरा नाही. नेहमीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जिवाणू घाण खातात, पण या बंधापुढे त्यांचं काही चालत नाही. मोडता येत नसेल तर निदान पकडून पाण्याबाहेर काढायचं, एवढाच मार्ग उरतो.

पकडण्याची विद्या जुनी आहे. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ टार्टरिक आम्लाचे स्फटिक करत होता. द्रावण तपकिरी होई, आणि कोळशाची पूड टाकली की रंग उतरे. एकोणिसाव्या शतकात साखर कारखान्यांनी हाडांच्या कोळशाने रस पांढरा केला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचावाच्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्या जाळून कोळसा केला गेला. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये आजही बहुधा करवंटीचाच कोळसा असतो. त्यातल्या भोकांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर भरेल. म्हणजे चिमूटभर पुडीत दहा गुंठे जमीन! प्रदूषक त्या जमिनीवर चिकटून बसतो. विचेंझा भागात लोनिगोच्या जलशुद्धीकरण केंद्रातही पीफास अडवण्याचं काम कोळशाच्या थरांनीच केलं.

कोळशाच्या मर्यादाही तिथेच लक्षात येतात. पीफासच्या रेणूची आठ कार्बनची लांब साखळी त्यात बरी अडकते, चार कार्बनची आखूड साखळी लवकर निसटते. आणि लांब साखळ्यांवर बंधनं आली तसा उद्योग आखूड साखळ्यांकडेच वळला. शिवाय भोकं अरुंद आणि वेडीवाकडी, त्यामुळे रेणू आत शिरायला वेळ लागतो.

इथे नॅनोकार्बनची गोष्ट सुरू होते. १९९१ मध्ये जपानमध्ये सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांचं सविस्तर वर्णन केलं. अशा पोकळ तंतूंच्या नोंदी त्याआधीही होत्या, पण जगाचं लक्ष तेव्हा गेलं. २००१ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लाँग आणि यांग यांनी दाखवलं, की डायॉक्सिन हे विषारी प्रदूषक या नळ्यांना कोळशापेक्षा कितीतरी घट्ट धरून बसतं. २००४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठ आणि अमेरिकेतली रेन्सेलर संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी नॅनोनळ्यांचाच एक पोकळ गाळणदांडा बनवला. त्याने पाण्यातले ई. कोलाय जिवाणू आणि पोलिओचे विषाणू अडवले आणि धुऊन तो पुन्हा वापरता आला. त्याच वर्षी मँचेस्टरहून ग्राफिन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा, आलं. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग गणिताने २६३० चौरस मीटर, म्हणजे सव्वीस गुंठे.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते विजेचं. नॅनोनळ्या वीज वाहून नेतात. पाण्यात पीफासवर बहुधा ऋण प्रभार असतो, म्हणून नळ्यांना धन प्रभार दिला की ते ओढलं जातं. चीनमधल्या दालियान इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे करून दाखवलं. पकडणारी आणि पुढे मोडू शकणारी वस्तू एकच असू शकते, ही आशा तिथून बळावली. कारण कोळशात अडकलेलं विष संपत नाही, फक्त जागा बदलतं. भरलेला कोळसा भट्टीत तापवावा लागतो किंवा कुठेतरी पुरावा लागतो.

या वाटेवर धोका आहे आणि तो लपवू नये. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ नॅनोनळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखी इजा केल्याचं आढळलं. तेव्हा त्या सुट्या पुडीसारख्या पाण्यात सोडून चालणार नाही, पडद्यात किंवा इलेक्ट्रोडमध्ये पक्क्या बसवाव्या लागतात. खर्च वाढतो तो इथे. बायरसारख्या मोठ्या कंपनीनेही २०१३ मध्ये नॅनोनळ्यांचं काम थांबवलं.

अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास रसायनांची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्राम ठरवली. म्हणजे १०० कोटी लिटरमध्ये ४ ग्रॅम. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत पीफाससाठी मर्यादाच नाही. लोट्याजवळच्या एखाद्या विहिरीचं पाणी त्या मानकाच्या यादीप्रमाणे तपासून घेतलं, तर अहवालात या रसायनांचं नावही येणार नाही.