सदोष जुन्या गाडीचा क्रेडिट कार्ड परतावा

विकत घेतलेली जुनी मोटारगाडी सदोष निघाल्यास किंवा वर्णनाप्रमाणे नसल्यास, तिच्यापोटी क्रेडिट कार्डाने भरलेली रक्कम कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत परत मागण्याची प्रक्रिया. बोलण्यात तिला सरसकट ‘रिफंड’ म्हणतात. बँकेच्या भाषेत ती ‘चार्जबॅक’. दोन्हींत फरक आहे. रिफंड विक्रेता आपणहून देतो. चार्जबॅकमध्ये विक्रेता राजी नसतानाही ग्राहकाची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम मागते. भारतात ही सोय व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांच्या नियमांतून आली आहे, संसदेच्या कायद्यातून नाही. मुंबईत गाडी घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे समजून घ्यावे, कारण या विषयावर वाचायला मिळणारा बराचसा सल्ला ब्रिटनमधला असतो.

ब्रिटनच्या ग्राहक पतपुरवठा कायदा, १९७४ च्या कलम ७५ नुसार वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर विक्रेत्याच्या खोट्या वर्णनाला आणि करारभंगाला कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. किमतीचा थोडासाच भाग कार्डाने भरला, तरी दावा पूर्ण नुकसानीचा करता येतो. शिवाय तिथल्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यामुळे व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी, जुनी असली तरी, पहिल्या ३० दिवसांत नाकारता येते. आपल्याकडे बँकेवर अशी सह-जबाबदारी नाही आणि गाडी परत करण्याची ठरावीक मुदतही नाही. समजा, अंधेरीच्या डीलरकडे टोकन म्हणून २५,००० रुपये कार्डाने भरले आणि उरलेले सहा लाख कर्जातून गेले, तर चार्जबॅकने फार तर ते २५,००० परत येतील. बाकीच्या रकमेसाठी वाट वेगळी.

मुंबईतील व्यवहार बहुधा असाच तुकड्यातुकड्यांत होतो. टोकन कार्डाने किंवा यूपीआयने, मोठी रक्कम आरटीजीएसने किंवा कर्जातून. पूर्ण किंमत कार्डाने घ्यायला डीलर कचरतात, कारण मशिनचे शुल्क त्यांना सोसावे लागते. घरगुती विक्रेत्याकडे, म्हणजे शेजारच्या सोसायटीतल्या गाडीमालकाकडे, कार्डाचे मशिनच नसते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडले तरी त्यातून व्यक्तीला नव्हे, व्यापाऱ्यालाच पैसे देता येतात. त्यामुळे हा मार्ग डीलर आणि ऑनलाइन विक्री कंपन्यांकडच्या खरेदीपुरताच राहतो. आणखी एक धोका असा की, काही वेळा कार्ड भलत्याच दुकानाच्या मशिनवर स्वाइप करायला सांगितले जाते. स्लिपवर एक नाव, पावतीवर दुसरे. मग हे पैसे याच गाडीचे होते, हे दाखवतानाच ग्राहकाची दमछाक होते. अशा वेळी स्वाइप करायला सरळ नकार द्यावा.

कोणता दोष ग्राह्य धरला जातो

जुन्या गाडीला झीज असणारच. क्लच प्लेट, टायर, बॅटरी ठरल्या वयात गेली तर त्याला दोष म्हणून बँक मोजत नाही. बँकेपुढे टिकते ती तफावत: लेखी सांगितलेले एक आणि हाती आलेले दुसरे. मागे फिरवलेले किलोमीटरचे मीटर, लपवलेला मोठा अपघात, विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरवलेली गाडी, आरसीवर नोंदच नसलेले सीएनजी किट ही नेहमीची उदाहरणे. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे नसेल तर तिथेच थांबावे.

मुंबईचा खास दोष मात्र पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर गाड्या बुडाल्या. तेवढा प्रलय नसला तरी हिंदमाता, शीव, कुर्ला, मिलन सबवे या भागांत पावसाळ्यात पाणी भरणे नवे नाही, आणि बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून पुन्हा बाजारात येऊ शकते. इंजिन काही दिवस नीट चालते. वायरिंग, सेन्सर आणि बेअरिंग पुढे दगा देतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारी मातीची रेघ, सीटखालच्या रुळांवरचा गंज, हेडलाइटच्या आत साचलेली वाफ, गालिच्याखालचा कुबट वास या खुणा मेकॅनिकला लगेच ओळखता येतात. चासिस नंबरावरून अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद मिळाली, तर किलोमीटरचे खोटेही तिथेच उघडे पडते. हा कागद वादात सोन्यासारखा.

दावा कसा चालतो

आधी विक्रेत्याला लेखी कळवून गाडी परत घेण्यास सांगावे लागते. व्हिसाच्या नियमांत सदोष किंवा वर्णनाबाहेरच्या मालाच्या तक्रारीसाठी माल परत केला, किंवा परत करण्याचा प्रयत्न केला, हे दाखवणे आवश्यक असते. गाडीच्या बाबतीत ग्राहक इथेच हरतो. वैतागून तो गाडी दुरुस्त करून घेतो, महिनाभर चालवतो आणि मग तक्रार करतो. दोष कळताच गाडी उभी करावी, दुरुस्तीआधी त्रयस्थ मेकॅनिककडून लेखी अहवाल आणि फोटो घ्यावेत आणि ‘गाडी इथे उभी आहे, घेऊन जा’ असा ईमेल व स्पीड पोस्टाचे पत्र पाठवावे.

त्यानंतर बँकेकडे डिस्प्यूट अर्ज. सर्वसाधारण मुदत माल हाती आल्यापासून १२० दिवसांची असते, पण बँक आपली मुदत याहून कमी ठेवू शकते, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज केलेला बरा. सोबत स्लिप, पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे आणि मेकॅनिकचा अहवाल जोडावा. विक्रेत्याची बँक दावा मान्य करते किंवा उलट कागद पाठवते. त्या उलट कागदांत बहुधा ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ अशी ग्राहकाची सही असते. ती सही घातक खरी, पण खोटे बोलून विकलेल्या गाडीला तिने संरक्षण मिळत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार फसवणुकीने मिळवलेली संमती ग्राहकाला रद्द ठरवता येते. बँक मात्र न्यायनिवाडा करत नाही, ती कागद जुळवते.

वाद चालू असताना कार्डाचे बिल थांबवू नये. रिझर्व्ह बँकेचे शून्य जबाबदारीचे, म्हणजे ग्राहकावर नुकसान न टाकणारे, नियम कार्डधारकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. स्वतः स्वाइप केलेल्या गाडीला ते लागू नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार बिलाबद्दल तक्रार आल्यावर बँकेने ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण आणि लागेल तिथे कागदी पुरावा द्यायचा असतो. व्यवहार हप्त्यांत बदलला असेल तर व्याज आणि प्रक्रिया शुल्क परत येईलच असे नाही.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे मात्र प्रश्न बँकेच्या सेवेचा असतो, गाडीच्या इंजिनाचा नव्हे.

ग्राहक आयोग

पूर्ण किमतीसाठी खरी लढाई ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली होते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. मुंबईत ही कार्यालये परळ आणि वांद्रे पूर्वेला आहेत. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथेही तक्रार चालते, त्यामुळे गाडी पुण्याहून घेतली तरी मुंबईकराला पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत अशा तक्रारींत मार्गदर्शन करते. घरगुती विक्रेत्याविरुद्ध मात्र आयोगाचा उपयोग नाही, कारण तो व्यापारी नाही. तिथे दिवाणी न्यायालय, आणि उघड फसवणूक असेल तर पोलीस.

डीलर खरा की नुसता दलाल, हे ओळखायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२२ ची दुरुस्ती उपयोगी आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचे असते आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद नमुना २९क (फॉर्म 29C) ने करायची असते. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली आरटीओकडची नोंद त्या डीलरच्या नावाशी जुळली, तर ‘मी फक्त मध्यस्थ होतो’ हा बचाव उरत नाही. गाडी परत देताना नाव आधीच ग्राहकावर चढले असेल तर मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३० पुन्हा भरावे लागतात, आणि कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्रही. पैसे खात्यात दिसेपर्यंत या कोऱ्या नमुन्यांवर सही करून ठेवू नये.